छोट्या मैफलीसाठी स्पीकर निवडताना: आधी अंतर, मग वॅट

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या सभागृहात भावगीतांचा कार्यक्रम होता. सभागृह साधारण १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, श्रोते शंभराच्या आसपास, आणि मंचावर गायिका, पेटी, तबला व कीबोर्ड एवढाच संच. साऊंडवाल्याने १५ इंची स्पीकरची दोन भलीमोठी खोकी मंचाच्या दोन्ही बाजूंना थेट जमिनीवर ठेवली होती. दुसऱ्याच गाण्याला पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानांवर हात ठेवले आणि त्याच सुमारास मागच्या रांगेतून निरोप आला, की शब्द कळत नाहीत, आवाज वाढवा. आवाज वाढवला की शिट्टी वाजायची. मध्यंतरात आम्ही तीच खोकी स्टँडवर चढवली, मंचाच्या कडेच्या हातभर पुढे आणली आणि किंचित आत वळवली. दुसऱ्या भागात मिक्सरवरचा आवाज आधीपेक्षा खाली ठेवूनही शेवटच्या रांगेला शब्दन् शब्द ऐकू आला आणि आजोबांचे हात मांडीवर ताल धरू लागले.

त्या संध्याकाळी यंत्रसामग्रीतली एकही वस्तू बदलली नव्हती. छोट्या कार्यक्रमासाठी स्पीकर घ्यायला किंवा भाड्याने आणायला निघालेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा, आणि माझ्या अनुभवात हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. शेवटचा श्रोता किती दूर बसणार, स्पीकर कुठे आणि किती उंचीवर उभा राहणार, माइक किती लागणार, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की वॅटचे उत्तर त्यांतूनच निघते. ते कसे निघते, हे या लेखात शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडतो.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप फुटपट्टीसारखे सरळ वाढत नाही, पटींनी वाढते, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. अॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. ही वाढ कानाला जाणवते, पण जेमतेम. आवाज दुप्पट झाला असे बहुतेकांना वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट शक्ती. ५०० वॅटच्या स्पीकरऐवजी १००० वॅटचा आणल्याने कार्यक्रम दुप्पट मोठ्याने ऐकू येईल, ही समजूत म्हणूनच खरी ठरत नाही. हाती येतात फक्त ते ३ डेसिबल.

दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरवर जो आवाज १०० डेसिबल असेल तो २ मीटरवर ९४, ४ मीटरवर ८८ आणि ८ मीटरवर ८२ राहतो. बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज त्यात भर घालतो, त्यामुळे मागच्या बाजूला ही उतरण इतकी तीव्र राहत नाही. पण परतून आलेला आवाज शब्द स्पष्ट करत नाही, उलट ते एकमेकांत मिसळून टाकतो. शब्द पोहोचवतो तो स्पीकरमधून सरळ कानापर्यंत आलेला आवाज, आणि त्याला वरचा नियम तंतोतंत लागू पडतो.

तिसरी गोष्ट स्पीकरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेली असते: संवेदनशीलता. स्पीकरला १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. कार्यक्रमांसाठी बनवलेल्या चांगल्या स्पीकरचा हा आकडा ९५ ते ९८ च्या घरात असतो. घरी संगीत ऐकण्याचे बरेच स्पीकर ८५ ते ९० च्या दरम्यान असतात. दोन स्पीकरच्या संवेदनशीलतेत ६ डेसिबलचा फरक असेल, तर कमी संवेदनशील स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी चौपट शक्ती द्यावी लागते.

आता आमच्या सभागृहाचा हिशेब मांडू. दोन माणसांचे साधे बोलणे १ मीटरवरून ६० डेसिबलच्या आसपास भरते. गाण्याच्या छोट्या कार्यक्रमात श्रोत्याच्या कानाशी सरासरी ८० ते ८५ डेसिबल मिळाले तर ऐकणे सुखाचे होते, आणि दोन तास ऐकूनही कान थकत नाहीत. आपण ८२ धरू. शेवटची रांग स्पीकरपासून १० मीटरवर आहे; १ मीटरवरून १० मीटरवर जाताना २० डेसिबल कमी होतात. स्पीकरची संवेदनशीलता ९५ असेल तर १ वॅटमध्ये शेवटच्या रांगेला ७५ डेसिबल मिळतील. ८२ गाठण्यासाठी आणखी ७ डेसिबल हवेत, म्हणजे सरासरी ५ वॅट. होय, फक्त ५. पण संगीत कधी सपाट नसते: तबल्याचा ठोका, तानेचा वरचा षड्ज, टाळीचा कडकडाट हे क्षण सरासरीच्या खूप वर उसळतात. त्यांच्यासाठी १५ डेसिबलची मोकळी जागा वर ठेवली तर एकूण २२ डेसिबल होतात, आणि २२ डेसिबल म्हणजे साधारण १६० वॅट. हाच हिशेब ८९ संवेदनशीलतेच्या स्पीकरने केला तर आकडा ६३० वॅटवर जातो. दोन स्पीकर असले की त्यांची बेरीज आणि भिंतींची भर मिळून थोडी आणखी सवलत हाताशी राहते. शंभर श्रोत्यांच्या सभागृहाला प्रत्येकी १५० ते २०० खऱ्या वॅटचे दोन चांगले स्पीकर पुरतात, ते या हिशेबाने.

मी ‘खऱ्या वॅटचे’ म्हटले, कारण खोक्यावर छापलेला आकडा कोणत्या वॅटचा आहे हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. स्पीकर तासन् तास न तापता जी शक्ती सोसू शकतो ती सतत शक्ती. तिला बाजारात सर्रास आरएमएस म्हणतात. तिच्या दुप्पट आकडा प्रोग्रॅम म्हणून छापतात आणि चौपट आकडा पीक म्हणून. ‘२००० वॅट पीक’ असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या स्पीकरची सतत शक्ती बहुधा ५०० वॅटच्या आसपास असते. यात खोटे काही नसते, मात्र एकाची सतत शक्ती दुसऱ्याच्या पीकशी ताडून खरेदी केली तर फसगत ठरलेली. एकेकाळी घरगुती टेपरेकॉर्डरवर पीएमपीओ या नावाने हजारोंचे आकडे छापलेले असत, आणि त्यांचा प्रत्यक्ष आवाजाशी जवळपास काहीच संबंध नसे. खरेदी करताना सतत शक्ती, संवेदनशीलता आणि स्पीकर गाठू शकेल ती कमाल पातळी, हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून तुलना करावी.

आकाराविषयीही थोडे सांगायला हवे. ८, १०, १२ आणि १५ इंच ही मापे खालच्या स्वरांसाठीच्या मोठ्या पडद्याची असतात. मोठा पडदा अधिक खोल स्वर अधिक सहजपणे काढतो, पण आपल्या छोट्या मैफलीत खोल स्वर असतात तरी किती? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांच्या, जवळ येतो आणि मंद्र पंचम १०४ च्या आसपास. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज २०८ हर्ट्झला असतो. डग्ग्याचा घुमारा आणि पखवाजाची धूम त्याहून खाली उतरतात, पण ५५ ते ६० हर्ट्झपर्यंत नीट वाजणारा १२ इंची स्पीकर त्यांना समर्थपणे सांभाळतो. ड्रम, बेस गिटार आणि ढोलकीच्या ठेक्यावर नाचवणारा कार्यक्रम असेल तर वेगळा सबवूफर जोडावा. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, भावगीत, अभंग किंवा गझल यांच्यासाठी मी १० किंवा १२ इंचीच सुचवेन. १५ इंची खोक्यांमध्ये गाणाऱ्याचा आवाज मधल्या पट्टीत पोकळ झाल्याचे मी अनेकदा ऐकले आहे. मोठा पडदा मधले स्वर सगळीकडे सारखे पसरवू शकत नाही आणि नेमका तिथेच गळ्याचा पोत असतो.

तानपुरा ही याहून बारकाईची कसोटी आहे. जवारीचा जो झंकार आपल्याला हवा असतो तो मूळ स्वरांत नसून त्यांच्या वरच्या असंख्य उपस्वरांत असतो. स्पीकरचा वरचा भाग, म्हणजे हॉर्न आणि त्यामागचा छोटा ड्रायव्हर, कर्कश असेल तर जवारीची वाळू होते. तो मंद असेल तर तानपुरा नुसता गुणगुणतो. स्पीकर निवडायला जाताना स्वतःच्या परिचयाचे तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे आणि तेच दोन-तीन स्पीकरवर सारख्या पातळीला ऐकावे. दुकानात नेहमी वाजवली जाणारी ठेक्याची गाणी या कामी उपयोगी पडत नाहीत.

स्पीकर कुठे ठेवावा

जमिनीवरच्या खोक्यांनी पहिली रांग हैराण आणि शेवटची रांग उपाशी का राहिली, याची दोन कारणे होती. पहिल्या रांगेपासून स्पीकर १ मीटरवर होता आणि शेवटच्या रांगेपासून १० मीटरवर, म्हणजे दोघांच्या कानांत तब्बल २० डेसिबलचा फरक. स्पीकर उंच स्टँडवर गेला की पहिल्या रांगेचे तिरके अंतर वाढते, शेवटच्या रांगेचे जवळपास तेवढेच राहते, आणि हा फरक कमी होतो. शिवाय पहिली रांग हॉर्नच्या झोताच्या खाली राहते, त्यामुळे तिच्या वाट्याचा तिखटपणा आणखी कमी होतो.

दुसरे कारण भाषेशी निगडित आहे. बोलण्याचे बळ अ, आ, इ अशा स्वरांत असते आणि त्यांची ऊर्जा खालच्या व मधल्या वारंवारतेत असते. शब्दांची ओळख पटते ती क, ट, त, स, श अशा व्यंजनांवरून, आणि त्यांच्या खुणा मुख्यतः २००० हर्ट्झच्या वर असतात. हे वरचे ध्वनी सरळ रेषेत झोतासारखे जातात आणि वाटेतली माणसे, त्यांचे कपडे, खुर्च्यांच्या गाद्या त्यांना शोषून घेतात. खालचे ध्वनी मात्र अडथळ्यांना वळसा घालून पुढे जातात. म्हणून जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज मागे पोहोचतो खरा, पण व्यंजने पुढच्या रांगांच्या पाठीत अडकून राहतात. ‘आवाज येतोय पण कळत नाही’ या तक्रारीचा अर्थ हा असतो, आणि आवाज वाढवणे हा तिच्यावरचा इलाज होऊ शकत नाही. हॉर्न श्रोत्यांच्या डोक्यांच्या स्पष्टपणे वर हवा: खुर्च्यांवर बसलेल्यांसाठी साधारण २ मीटर उंचीवर. भारतीय बैठक असेल तर डोकी आणखी खाली असतात, तेव्हा स्पीकर किंचित खाली झुकवणारा स्टँडचा जोड मिळाला तर जरूर वापरावा. नेम असा धरावा, की हॉर्नचा रोख श्रोत्यांच्या साधारण दोन-तृतीयांश खोलीवर येईल.

बहुतेक हॉर्न आडवे ९० अंश आणि उभे ६० अंशांच्या आसपास आवाज पसरवतात. त्या कोनात भिंत जास्त आणि माणसे कमी येत असतील तर तेवढी शक्ती प्रतिध्वनीत वाया जाते. आपल्या सोसायट्यांची आणि शाळांची सभागृहे म्हणजे चकचकीत फरशी, गिलावा केलेल्या भिंती आणि काचेच्या खिडक्या. तिथे जाजम, सतरंज्या आणि मागच्या भिंतीवर जाड पडदा यांनी जो फरक पडतो तो कोणत्याही महागड्या यंत्राने पडत नाही. अशा जागेत उभे, सडपातळ कॉलम स्पीकरही चांगले काम देतात, कारण ते आवाज आडवा दूरवर पसरवतात पण छताकडे आणि फरशीकडे कमी फेकतात.

सभागृह लांबलचक असेल तर पुढच्या स्पीकरचा आवाज चढवण्यापेक्षा मध्यावर दोन छोटे स्पीकर जोडावेत. त्यांना विलंब द्यावा लागतो. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे १० मीटर पुढे उभ्या असलेल्या मधल्या स्पीकरला २९ मिलिसेकंद थांबवायचे. त्यावर आणखी १० मिलिसेकंद दिले तर एक विलक्षण गोष्ट घडते: आवाज जवळच्या स्पीकरमधून येत असूनही मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. आधी पोहोचलेल्या ध्वनीची दिशा कान पकडतो आणि मागाहून आलेल्याचे केवळ बळ घेतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये आपल्या प्रबंधात याचा अभ्यास मांडला, आणि आजही हा परिणाम त्यांच्या नावाने ओळखला जातो. गाणारा समोर बसलेला असताना त्याचा आवाज बाजूच्या भिंतीतून येणे मला फार खटकते, म्हणून या १० मिलिसेकंदांची मला अपार किंमत वाटते.

शिट्टी

माइकमध्ये शिरलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि आणखी मोठा होऊन बाहेर येतो. हे चक्र ज्या वारंवारतेला सर्वांत सहज फिरते, ती शिट्टीच्या किंवा घुमण्याच्या रूपाने ऐकू येते. यावरून तीन गोष्टी लगेच स्पष्ट होतात. स्पीकर माइकच्या मागे, म्हणजे कलाकाराच्या पाठीशी कधी नसावा. तो माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असावा. माइक तोंडाजवळ असावा, कारण २० सेंटिमीटरवरून तो १० सेंटिमीटरवर आणला तर गायकाचा आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि स्पीकरकडून परत येणारा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. ६ डेसिबल म्हणजे चौपट शक्ती, आणि ती फुकट मिळते. तिसरे असे, की उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्याआधी मिळणारी पातळी ३ डेसिबलने घटते. म्हणून निवेदकाचा माइक निवेदन संपताच बंद करावा आणि दोन तानपुऱ्यांना दोन माइक देण्याचा मोह टाळावा.

कलाकारांपुढच्या मॉनिटर स्पीकरने ही अडचण अधिक नाजूक होते. शास्त्रीय गायकाला मॉनिटरमध्ये तानपुरा हवा असतो, स्वतःचा आवाज थोडाच, आणि तबलजीला पेटी किंवा सारंगीचा लेहरा. कार्डिऑइड जातीचा माइक अगदी मागच्या बाजूने बहिरा असतो, म्हणून त्याच्यासाठी मॉनिटर थेट त्याच्या पाठीमागे, गायकाच्या समोर ठेवावा. सुपरकार्डिऑइड माइकचे बहिरे कोन मागे तिरकस, समोरच्या दिशेपासून साधारण १२६ अंशांवर असतात; त्याच्यासाठी मॉनिटर किंचित बाजूला सरकवावा. माइकची जात न पाहता मॉनिटर ठेवला जातो आणि मग निम्मी मैफल इक्वलायझरची बटणे पिरगाळण्यात जाते. गळ्याच्या आणि पेटीच्या माइकवर १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारे बटण दाबून ठेवले की पंख्यांची घरघर, मंचावरची पावले आणि डग्ग्याचा आगंतुक घुमारा बराचसा निघून जातो. काळी एकच्याही खाली गाणारा भारदस्त गळा असेल तर ते ८० वर आणावे.

शक्ती कुठून द्यायची

आता अॅम्प्लिफायर. आज मिळणाऱ्या बऱ्याच स्पीकरच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो. त्यांना अॅक्टिव्ह म्हणतात. बाहेरून शक्ती घेणारे ते पॅसिव्ह. नव्याने सुरुवात करणाऱ्या भजनी मंडळाला, संगीत वर्गाला किंवा सोसायटीला मी निःसंकोचपणे अॅक्टिव्ह घ्यायला सांगतो. त्यांत शक्तीची जुळणी कारखान्यातच झालेली असते आणि स्पीकर जळू नये म्हणून मर्यादा घालणारे सर्किटही बसवलेले असते. उणीव एवढीच, की प्रत्येक स्पीकरपाशी विजेची तार न्यावी लागते, आणि अॅम्प्लिफायर बिघडला तर अख्खा स्पीकर दुरुस्तीला जातो.

पॅसिव्ह स्पीकर आधीपासून असतील तर दोन आकडे जुळवावे लागतात. पहिला ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अॅम्प्लिफायरला ४ ओहमचा भार दिसतो, तीन जोडले की २.७ ओहमचा, आणि अनेक अॅम्प्लिफायर ४ च्या खाली तापून बंद पडतात किंवा जळतात. दुसरा आकडा वॅटचा. स्पीकरच्या सतत शक्तीच्या दीड ते दुप्पट क्षमतेचा अॅम्प्लिफायर घ्यावा, आणि तो चालवणारा हात जबाबदार असावा. मोठा अॅम्प्लिफायर स्पीकर जाळेल या भीतीने बरेच जण छोटा घेतात. छोटा अॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर ढकलला की ध्वनीलहरींचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो, मोकळी जागा संपल्याने सरासरी शक्ती वाढत जाते आणि वरच्या वारंवारतांचा वाटाही वाढतो. तो सगळा भार हॉर्नमागच्या नाजूक ड्रायव्हरवर येतो, आणि आधी तोच जातो. मिक्सरवरचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकू लागला की हात खाली आणावा, मग अॅम्प्लिफायर केवढाही असो.

देवळांच्या शिखरांवर दिसणारे पत्र्याचे कर्णे वेगळ्या पद्धतीचे असतात. त्यांना १०० व्होल्टच्या लाइनवर जोडतात, म्हणजे लांबच लांब तारेत शक्ती कमी वाया जाते आणि एका लाइनवर अनेक कर्णे लावता येतात. सूचना देण्यासाठी ही उत्तम सोय आहे. संगीतासाठी ते कर्णे योग्य नाहीत, आणि १०० व्होल्टच्या लाइनवर साधा ८ ओहमचा स्पीकर चुकूनही जोडू नये.

स्पीकरच्या तारेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अॅम्प्लिफायरपासून २० मीटर अंतरावर ४ ओहमचा भार असेल आणि तार २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.२८ ओहम भरतो आणि आवाजात अर्ध्या डेसिबलहून थोडीच अधिक घट होते. त्याच जागी ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली तर रोध ०.९ ओहमच्या वर जातो आणि जवळपास २ डेसिबल घट होते, म्हणजे स्पीकरला मिळणारी शक्ती साधारण एक-तृतीयांशाने कमी होते.

भिंतीतल्या विजेचा हिशेब मात्र लोकांना वाटतो त्याहून सौम्य आहे. ५०० वॅट सतत शक्तीचा आधुनिक अॅक्टिव्ह स्पीकर गाण्याच्या कार्यक्रमात सरासरी १०० वॅटच्या आसपास वीज ओढतो, कारण संगीताची सरासरी कमाल शक्तीच्या आठव्या भागाहून सहसा वर जात नाही. २३० व्होल्टवर ६ अँपिअरचे साधे सॉकेट १३८० वॅट देऊ शकते. दोन स्पीकर, मिक्सर आणि कीबोर्ड त्यावर आरामात चालतात. खरा धोका मंडपातल्या तात्पुरत्या जोडणीचा आहे. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रलची तार सैल झाली किंवा सुटली, तर २३० व्होल्टच्या सॉकेटवर व्होल्टेज भलतेच चढून ४०० पर्यंतही जाऊ शकते, आणि एका क्षणात सगळी यंत्रे जातात. म्हणून काहीही जोडण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक सॉकेट तपासावे: फेज व न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल व अर्थमध्ये जवळपास शून्य. एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात, आणि माइकच्या धातूच्या जाळीला ओठ लावून गाणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

गुणगुण हा विजेचाच दुसरा उपद्रव. एका बैठकीत तानपुरा लागताच स्पीकरमधून एक संथ ‘हूं’ ऐकू येऊ लागला, आणि तो गायकाच्या षड्जाशी इतका बेसूर होता की त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. एकेक वायर काढत गेलो. कीबोर्ड काढला, मॉनिटर काढला, तरी आवाज तसाच. शेवटी ध्वनिमुद्रणासाठी मिक्सरला जोडलेल्या लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि खोली एकदम शांत झाली. लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवरून अर्थ घेत होते आणि त्या दोन वाटांमधल्या फरकाने तारेत ५० हर्ट्झचा प्रवाह खेळत होता. लॅपटॉप बॅटरीवर चालवणे हा तात्पुरता उपाय. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे दोन यंत्रांमधली थेट विद्युत जोडणी तोडून फक्त ध्वनीचा संकेत पुढे देणारी डबी, मध्ये घालणे आणि ध्वनीची सगळी यंत्रे एकाच ठिकाणाहून वीज घेतील असे पाहणे हा कायमचा. प्लगची अर्थची पिन कापून गुणगुण घालवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती कधीही करू नये, कारण यंत्रात बिघाड झाला तर तोच प्रवाह कलाकाराच्या अंगातून जातो. दिव्यांचे डिमर ध्वनीच्या जोडणीवर नसावेत, आणि मिक्सरपासून स्पीकरपर्यंतच्या तारा एक्सएलआर या तीन पिनांच्या जोडांच्या, संतुलित, म्हणजे वाटेत शिरलेली गुणगुण रद्द करणाऱ्या, प्रकारच्या असाव्यात. सुरू करताना आधी मिक्सर आणि शेवटी स्पीकर. बंद करताना नेमके उलट.

अंगणात, गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत कार्यक्रम असेल तर कायद्याचा आकडाही याच हिशेबात बसवावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागेत स्पीकर लावल्यास त्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. आपल्या हिशेबातला ८२ डेसिबलचा आवाज मोकळ्या हवेत १० मीटरवरून ४० मीटरवर गेला तरी ७० उरतो. हद्द तेवढ्याच अंतरावर असेल तर एका टोकाला दोन जोरदार स्पीकर लावण्यापेक्षा श्रोत्यांच्या जवळ, आत रोखलेले चार छोटे स्पीकर लावावेत. श्रोत्यांना तेवढाच आवाज मिळतो आणि शेजारच्या इमारतीतल्या आजारी माणसालाही झोप लागते.

शेवटी चाचणी. रिकाम्या सभागृहात गायकाला मंचावर बसवून शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात आणि पहिल्या रांगेत जाऊन ऐकावे, आणि गाण्याआधी एखादा परिच्छेद नुसता वाचायला सांगावा. वाचलेले शब्द कळले तर गायलेलेही कळतील. हे करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. सभागृह भरले की माणसे वरचे ध्वनी शोषून घेतात, प्रतिध्वनी उतरतो, आणि दुपारी टोचणारा आवाज संध्याकाळी काहीसा मऊ वाटतो. म्हणून चाचणीत आवाज थोडा उजळच ठेवावा, पातळी २–३ डेसिबल खाली ठेवावी, आणि पहिल्या आलापाच्या वेळी मिक्सरपाशी न बसता मागच्या दाराशी उभे राहून ऐकावे.